चुकीचा धैवत

चित्रलेखाबाईंनी मुद्दाम चुकीची पट्टी दाबली. जौनपुरीत कोमल धैवताच्या जागी शुद्ध. बोट ठेवताना अंगावर काटा आला, पण ठेवलं. मग पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं.

पत्र्याच्या कुंपणापलीकडे खुर्ची होती आणि खुर्चीत नेव्हिल होता. मांडीवर फोन, मान कलती, डोळे मिटलेले. रोज सकाळी दहाला बाई पेटी घेऊन रियाजाला बसायच्या आणि रोज पाच मिनिटं आधी ही खुर्ची कुंपणाला लागायची.

२०२०च्या मार्चमध्ये त्या महिनाभरासाठी म्हणून मुलाकडे, हृषिकेशकडे ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला आल्या. विमानं बंद झाली आणि जून उजाडला तरी त्या इथेच. हृषिकेश खाणीत इंजिनियर. साथीमुळे पाळ्या लांबलेल्या. एकदा साइटवर गेला की तीन आठवडे घरी नाही. घरात बाई आणि त्यांची घडीची पेटी. शेजारी सत्तरी उलटलेला, एकटाच राहणारा हा अकॉर्डियनवाला.

हृषिकेशला त्याचं भारी कौतुक. "आई, सेल्फ-टॉट आहे गं तो. रेल्वेच्या कँपात वाढला. नऊ वर्षांचा असताना कोणीतरी टाकून दिलेला अकॉर्डियन मिळाला त्याला. नोटेशनमधलं ओ की ठो कळत नाही. पण पन्नास वर्षं गावोगावच्या हॉलमध्ये नाचाला वाजवलंय."

"शिकला कोणाकडे?"

"कोणाकडेच नाही. ऐकून ऐकून उचललं, असं तोच सांगतो."

बाईंना एवढं पुरे होतं. गुरू नाही म्हणजे चोरून शिकलेला, आणि वर स्वतःच्या तोंडाने कबुली! दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि बाईंचं तर चांगलंच पोळलेलं. गुरुजींनी त्यांना स्वतः बांधलेल्या सात चिजा, सात बंदिशी दिल्या होत्या. कुठे छापू नकोस, म्हणाले होते. त्यातली एक बाईंच्याच लाडक्या शिष्येने आपल्या नावावर इंटरनेटवर चढवली. उरलेल्या सहा सांभाळणं एवढंच आता बाईंच्या हातात होतं.

परवा तर कहरच झाला. संध्याकाळी पत्र्यापलीकडून त्या सहांतली, बाई रोज वाजवायच्या ती जौनपुरीतली चीज ऐकू आली. अकॉर्डियनवर, नाचाच्या ठेक्यात उड्या मारत, पण सुराला अगदी पक्की. बाईंनी तडक हृषिकेशला फोन लावला.

"चोर आहे तुझा नेव्हिल. फोनवर टेप करतो माझं वाजवणं."

"आई, प्लीज! गुड ब्लोक आहे तो, भला माणूस. नो वरीज."

याचं आपलं नो वरीज. वरी करायची ती आईनेच.

म्हणून आजचा हा बेत. नेणारच असेल तर चुकीचं नेऊ दे. उद्या अकॉर्डियनवर शुद्ध धैवत वाजला की चोर मुद्देमालासकट सापडला.

बाईंनी तीच ओळ पुन्हा घेतली आणि पुन्हा तिथेच चुकल्या. मग तिसऱ्यांदा. नेव्हिलने डोळे उघडले. चौथ्यांदा तो ताडकन उठला, फोन कानाला लावला आणि दिसेनासा झाला. चोराच्या मनात चांदणं, म्हणत बाई खुशीत चहा टाकायला उठल्या.

तेवढ्यात पुढचं दार धडाधड वाजायला लागलं. नेव्हिलच होता. "तुम्ही बऱ्या आहात ना? दार उघडा!" त्याचा आवाज चढलेला. आता दमदाटी करायला आला वाटतं! बाईंनी आतून कडी घातली आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या. तो ठोठावतच राहिला.

दहा मिनिटांनी अँब्युलन्सचा सायरन वाजला, तेव्हा मात्र त्यांना उघडावंच लागलं. दारात मास्क आणि ढगळ गाऊन घातलेली दोन माणसं. समोरच्या घराचे पडदे हलले. करोना म्हणून उचलायला आले, या भीतीने बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"हसून दाखवा," त्यातली एकजण म्हणाली. "आता दोन्ही हात वर करा. आज वार कोणता?"

बाई हसल्या, हात वर केले, वार सांगितला. "मला काहीही झालेलं नाही! कोणी बोलावलं तुम्हाला?"

"या शेजाऱ्यांनी. म्हणाले, तुमचा हात नीट चालत नाहीये, अर्धांगाचा झटका असावा."

हात दाखवून अवलक्षण ते हेच. बाईंचा पारा चढला. गाऊनवाल्यांच्या मागे नेव्हिल धापा टाकत उभा होता, त्याच्याकडे बोट रोखून त्या ओरडल्या, "यू थीफ! यू रेकॉर्ड माय म्युझिक!"

"रेकॉर्ड?" नेव्हिलला काही उमगेना. त्याने फोन पुढे केला. जुना, बटणांचा फोन. "यावर नुसतं बोलता येतं, लव्ह."

मग तो अडखळत बोलू लागला. "रोज ऐकतो मी. छान वाटतं. तीन महिन्यांत त्या जागी तुमचा हात एकदाही चुकला नाही. आज चारदा चुकला. आणि दारही उघडेनात."

बाईंनी रोखलेलं बोट खाली घेतलं. गाऊनवाली आपली बॅग उचलून गाडीकडे निघाली.

"माझी बायको माझ्या साथीला पियानो वाजवायची," नेव्हिल म्हणाला. "एका सकाळी तिचा डावा हात असाच एका जागी चुकत राहिला. संध्याकाळी ती गेली." त्याने मान खाली घातली. "सकाळी मी हसलो होतो तिला."