नाव झाकलेले लेख

"यात गिऱ्हाईक कुठंय?" सरांनी विचारलं आणि लेखाची पानं टेबलावर ठेवली.

समोर बसलेले संपादक चष्मा पुसू लागले. लेख शिंप्यांच्या दुकानांवर होता. कापडाचे भाव, कारागिरांची मजुरी, तयार कपड्यांशी स्पर्धा, सगळं तक्त्यांसकट मांडलेलं होतं.

"मालक आहे, मशीन आहे, तक्ते तर पोटभर आहेत," सर म्हणाले. "पण अख्ख्या लेखात एकही माणूस माप द्यायला दुकानात शिरत नाही. तुझ्या लेखकाला सांग, खुर्ची सोड आणि थोडे दिवस शिंप्याकडे जाऊन बस."

संपादकांनी ते टिपून घेतलं.

ते एके काळचे सरांचे विद्यार्थी. आता स्वतःचेच केस पांढरे झाले होते, तरी सरांसमोर अजून खुर्चीच्या कडेवर बसत. व्यवसाय-व्यवस्थापनाचं एक जर्नल त्यांनी उमेदीची सगळी वर्षं सांभाळलं. आलेला लेख लेखकाचं नाव झाकून परीक्षकाकडे द्यायचा, आणि परीक्षक कोण हे लेखकाला कळू द्यायचं नाही, असा तिथला नियम. सर हे जर्नलचे सर्वांत जुने परीक्षक आणि सर्वांत कडकही. त्यांच्या हातून एका फेरीत सुटलेला लेख कुणाच्या ऐकिवात नव्हता. कोण आहे ते माहीत नसूनही लेखक मंडळी त्यांना 'कात्री' म्हणत.

पूर्वी लेख टपालानं यायचे. मग एक दिवस काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, संपादकांना फोन केला. निवृत्तीनंतर हे अगदी मिटून गेलेत, खिडकीशी बसून राहतात, जेवायला सतरा वेळा हाका माराव्या लागतात, असं त्यांनी सांगितलं. काही वाचायला असेल तर आणून देता का, अशी गळ घातली. तेव्हापासून संपादक लेख घेऊन स्वतःच येऊ लागले. पहिल्याच लेखाची सरांनी अशी साल काढली, की ते ऐकून स्वयंपाकघरात काकूंना हसू आवरेना. संपादक त्या दिवशी समाधानानं घरी गेले. औषध लागू पडलं होतं.

मग लेख येत राहिले. एक किल्ल्या बनवणाऱ्यावर होता, एक भावाभावांच्या बेकरीवर. सर प्रत्येकाला घोळवून घोळवून परत पाठवत. कधी म्हणत, शेवटचं पान आधी आण. कधी म्हणत, हा लेखक हुशार आहे, पण घाबरतो. जे दिसलं ते लिहायचं सोडून आधी दहा विद्वानांची परवानगी काढतो. बेकरीचा लेख मंजूर करताना त्यांनी सुचवलं, की धाकट्याच्या हातात दुकान आल्यावर पुढे काय झालं, यावरही कुणाकडून तरी लिहून घे. हा धागा लोंबकळत ठेवू नकोस.

शिंप्यांचा लेख तिसऱ्यांदा आला तेव्हा सरांनी तो लगेच वाचायला घेतला. आता तक्ते शेवटी गेले होते. लेखाच्या सुरुवातीलाच एक कारकून शर्ट शिवायला दुकानात येत होता. शेजारी तयार कपड्यांचं झगझगीत दुकान असताना इथे का येता, असं लेखकानं त्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, माझा डावा खांदा जरा उतरलेला आहे; हे माझ्या बायकोच्याही लक्षात आलेलं नाही, पण ह्यांना माहीत आहे.

सरांनी तेवढा भाग पुन्हा मोठ्यानं वाचला.

"घे," ते म्हणाले. "एक शब्दही हलवायचा नाही."

संपादकांचे कान लाल झाले. लेखकाला कळवतो, असं काहीतरी ते पुटपुटले आणि उठले. चहाही अर्धाच राहिला.

रस्त्यावर आल्यावर मात्र त्यांना हसू फुटलं. कळवायचं कुणाला? जर्नल बंद पडून दोन वर्षं होत आली होती. विद्यापीठाला जर्नलची खोली दुसऱ्या कामासाठी हवी होती. काकूंचा फोन नेमका त्याच आठवड्यात आला आणि सरांना खरं सांगायला त्यांची जीभ रेटेना. लेख पाठवणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून ते स्वतःच लिहू लागले होते.

जन्मभर त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं सरळ केली होती. स्वतःच्या नावावर एक पान नव्हतं. आता ते दुकानांतून बसत, माणसांना बोलतं करत. शिंपी तर त्यांना शर्टांना बटणं लावायला द्यायचा. घरची मंडळी म्हणत, तुम्ही दहा वर्षांनी लहान दिसायला लागलात. सरांसाठी एवढं तरी करायलाच हवं, असं मनाशी म्हणत ते धाकट्या भावाच्या बेकरीच्या दिशेनं वळले.

इकडे काकू कप उचलायला आल्या. सर खिडकीतून वळणापर्यंत संपादकांकडे बघत होते.

"तुम्ही सांगितलंत म्हणून मी त्याला फोनवर एवढं खोटं बोलले," काकू म्हणाल्या. "जर्नल बंद झाल्याचं तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, हे आता तरी सांगा की त्याला."

"एवढ्यात नको," सर म्हणाले. "त्याचे हे लेख मी एका प्रकाशकाला दाखवलेत. पुस्तकासाठी तो अजून एक प्रकरण मागतोय."