खोटी झोप

बायकोचा हात छातीवर आला, तसं ढगोबाने घोरायला सुरुवात केली.

सुट्टीची दुपार होती. खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगत होता, पुन्हा सपाट होत होता. पिवळसर उजेड पाण्यासारखा भिंतीवर हलत होता. हल्ली सुट्टीच्या दुपारी अशाच जायच्या. तिने जवळ यायचं, याने घोरायचं.

ढगोबा हे नाव बांधकामावरच्या लोकांनी ठेवलेलं. तो उंच क्रेन चालवायचा. सकाळी शिडीने वर गेला की दिवसभर काचेच्या केबिनमध्ये, ढगांच्या शेजाराला. वरून माणसं दिसायची नाहीत, नुसती हेल्मेटं दिसायची. त्याला ते आवडायचं. जागेपणीच स्वप्नात असल्यासारखं वाटायचं.

मग एके दिवशी वाऱ्याचा झोत आला. हुकाला टांगलेली सळयांची मोळी भिरभिरली आणि थेट मुकादमाच्या डोक्यावरून गेली. तो झटकन खाली बसला म्हणून वाचला. कुणाला खरचटलंही नाही. सगळे हसले, चहा प्याले. ढगोबाही हसला. घरी मात्र त्याने अवाक्षर काढलं नाही. बायको नुकतीच मोठ्या ऑपरेशनमधून उठली होती, तिच्या जिवाला आणखी घोर कशाला?

पण त्या दिवसापासून त्याचं अंग सैल पडेना. जबडा आवळलेला, खांदे कानाशी. बायको बरी झाली, जवळ आली, आणि ऐन वेळी शरीराने दगा दिला. "दमलोय गं," तो म्हणाला. पुढच्या वेळी ती जवळ येण्याआधीच मनात धाकधूक सुरू झाली. आज जमेल ना? आणि अर्थातच जमलं नाही. चोरून आणलेली ताकदीची पावडर खाल्ली, तर पोट तेवढं बिघडलं. बायकोही बदलली. कपडे बदलताना भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. पूर्वीसारखी थट्टा करायची नाही. आपल्यावर नाराज आहे, असं त्याने धरून घेतलं.

शेवटी तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. तपासण्या झाल्या. सगळं ठीक निघालं. त्यांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे मोळीची गोष्ट बाहेर आली.

"भ्यालेलं शरीर आधी जीव सांभाळतं, बाकीचं सगळं बाजूला ठेवतं," त्या म्हणाल्या. "रोज चाला. पोटभर झोपा. आणि काही दिवस प्रयत्नच करू नका, नुसतं एकमेकांजवळ पडून राहा. पण आधी बायकोला सांगा."

चालणं जमलं. झोपही थोडी सुधारली. सांगणं तेवढं जमेना. म्हणून हे घोरणं.

"पुरे झालं हं," बायको म्हणाली. "खरं घोरता तेव्हा तुम्ही मध्येच शिट्टी वाजवता."

त्याला हसू फुटलं. मग डोळे मिटूनच तो सांगू लागला. वारा, मोळी, खाली बसलेला मुकादम, डॉक्टरीणबाई, पावडरीसकट सगळं. सांगता सांगता स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्याच कुणाचा वाटू लागला, कुठून तरी लांबून येणारा. खांदे आपोआप खाली आले. पलंग जणू तरंगत होता. छातीवर तिचा हात तसाच होता. त्याची ऊब हळूहळू अंगभर झिरपत गेली आणि कितीतरी महिन्यांनी ती जुनी, ओळखीची जाग आली. त्याने ती बोलावली नव्हती. आज तो वाट पाहायलाच विसरला होता.

तो कुशीवर वळला. तिला जवळ घेताना त्याचा हात तिच्या पोटाकडे गेला. तिने तो वाटेतच घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले होते.

"अगं, आता काय झालं?"

"म्हणजे... म्हणजे माझ्या पोटावरच्या टाक्यांची किळस नव्हती वाटत तुम्हाला?"