पानांचे ढीग

फोन बंद करून आईनं मान वर केली, तेव्हा बाकाजवळ दोन्ही पोरं नव्हती.

थोरली लगेच सापडली. बाकाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आईनं तिला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि धाकटा कुठं आहे ते विचारलं. थोरलीनं ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवली.

"बोल की गं. तोंड शिवलंय का तुझं?"

थोरली बोलली नाही. भेदरली असेल, असं आईला वाटलं.

मोठं शहर पोरं पहिल्यांदाच बघत होती. एकटीला दोघं झेपायची नाहीत, असं नवरा निघताना म्हणाला होता. तिनं त्याला उडवून लावलं होतं. गर्दीत चटकन दिसावीत म्हणून तिनं दोघांना स्वतःच्या मशीनवर पिवळेधमक कोट शिवले होते. स्टेशनवर, बसमध्ये, रस्ता ओलांडताना ते लांबूनही उठून दिसले. या बागेत मात्र पानगळ ऐन भरात होती. झाडं पिवळी, वाटा पिवळ्या, आणि वाटेच्या कडेला झाडून लावलेले कमरेएवढे पानांचे ढीगही पिवळे.

थोरलीला फरफटवत ती फाटकापर्यंत गेली. पलीकडे बसगाड्यांचा रस्ता. एकटं पोर काही बाहेर पडलेलं नाही, असं रखवालदारानं सांगितलं, पण त्याला तरी काय खात्री होती? मग ती तळ्याकडे धावली. पाण्यावर पानं तरंगत होती. त्यांच्याकडे बघवेना तेव्हा ती हाका मारायला लागली, आणि घसा बसेपर्यंत मारत राहिली.

"फोन कसा गळ्यात अडकवलाय," स्वेटर विणत बसलेली एक म्हातारी म्हणाली. "पोरालाच अडकवायचं होतं, बाई."

आईचं लक्ष वाटेच्या वळणाकडे गेलं होतं. तिथून एक लोडर एकेक ढीग उचलून मागच्या ट्रकमध्ये ओतत पुढं येत होता. त्याचं लोखंडी सूप आता नव्या ढिगात शिरत होतं.

ती धावत जाऊन लोडरपुढं दोन्ही हात पसरून उभी राहिली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि तोंडाला येईल ते बोलला. झाडूवाल्यांचा मुकादम लगबगीनं आला. तिचं म्हणणं त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. पोरं ढिगात उड्या मारतात, हे काही नवीन नाही, तो म्हणाला. पण मधे शिरलेलं पोर एवढ्या हाका ऐकून गप्प कसं राहील? ओ दिली असती की त्यानं.

तो धीर देत होता. तिला त्या बोलण्याचा दुसरा अर्थ लागला. तिचा चेहरा पाहून मुकादमानं ड्रायव्हरला इंजिन बंद करायची खूण केली आणि माणसांना हाक दिली. चार-पाच जण दाताळी घेऊन आले.

"दाताळी नको," ती म्हणाली. "हातानं."

माणसं गुडघ्यांवर बसली. ओंजळी भरभरून पानं बाजूला होऊ लागली. पिवळं काही दिसलं की हात थबकायचे, आणि ते पानच निघायचं. ज्या ढिगात सूप रुतलं होतं, त्याला हात लावायला कुणी धजेना. सूप जरा जरी हललं, तरी काय होईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मुकादमानं एकदा काठोकाठ भरलेल्या ट्रककडे पाहिलं आणि नजर वळवली. तिनं ते पाहिलं.

तिनं थोरलीला गदागदा हलवलं. मारायला हात उचलला. थोरली रडली नाही. तिनं आजूबाजूच्या माणसांकडे बघून घेतलं, आईची मान खाली ओढली आणि अगदी कानाशी लागून विचारलं, "गिऱ्हाईक गेलं का?"

आईचा हात तसाच वर राहिला.

घरी शिवणाच्या खोलीत कुणी मापं द्यायला आलं की ती ओठांवर बोट ठेवायची आणि दोघं कापायच्या टेबलाखाली शिरायची. एकदा पोरांच्या आरडाओरड्याला कंटाळून एक बाई कापड उचलून निघून गेली होती. त्या दिवसापासून नियम पक्का होता: वर कुणी कितीही बोलो, कुणी हाका मारो, गिऱ्हाईक गेल्याचं आईनं सांगेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. मघाशी फोनवर एकीच्या बाह्या सैल झाल्याचं गाऱ्हाणं चाललं होतं. बोट आपसूक ओठांवर गेलं असणार. फोन संपला, आणि पुढचं सांगायचं राहून गेलं.

सांगितलं आणि काहीच हललं नाही, तर? माणसं तिच्याकडे बघत होती. तिनं ओठांवरून जीभ फिरवली आणि ओरडली नाही. रोज खोलीत ज्या आवाजात म्हणायची, त्याच आवाजात म्हणाली,

"गेलं रे गिऱ्हाईक."

काहीच हललं नाही. मग सुपाच्या अगदी कडेला थोडी पानं घसरली. आणखी घसरली. आतून एक हात आला, मग केसांत काड्या अडकलेलं डोकं.

ड्रायव्हरनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

धाकटा ढिगातून उतरला. गुडघ्यांवर बसलेल्या माणसांकडे त्यानं जरा नवलानं पाहिलं आणि चालत आईपुढं आला.

"आज लई वेळ थांबलं होतं," तो म्हणाला. "मला शिंक आलेली. दाबली मी."

आणि शाबासकीची वाट बघत तिच्या तोंडाकडे बघत राहिला.