तिसरी कवळी

“शुट...” एवढंच म्हणून अण्णांनी हात झटकला आणि लेकीने काढून हातात दिलेली नवी कवळी पाण्याच्या वाटीत टाकली. ही दुसरी.

लेक समजायचं ते समजली. सुटते. हीसुद्धा सुटते. पक्षाघाताचा झटका आल्यापासून अण्णांची जीभ जड झाली होती. त्यात तोंडात दात नसले की शब्दाचं शेपूट आतच राहायचं. ते तीच जोडून घ्यायची.

कवळ्या बनवणं हाच तिचा धंदा. अण्णांच्या जबड्याच्या हाडात डॉक्टरांनी दोन स्क्रू बसवले होते, कवळी त्यांच्यावर कट्‌कन बसायची. पहिली तिने साच्यात दाबून, शिजवून केली. शिजताना ती केसभर आकसते, म्हणून दुसरी यंत्रावर थरावर थर देऊन छापली. तिच्या बोटांना दोन्ही घट्ट लागल्या होत्या. तरी अण्णा कवळी लावायला तयार नव्हते. घोटभर दूध घ्यायचे आणि ताटाकडे पाठ करून बसायचे. आणखी वजन उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“आता सरळ वेल्डिंगच कर,” कामावर शेजारच्या टेबलावरचा कारागीर म्हणाला. तिला हसू आलं नाही.

तिसरी तिने अखंड ठोकळ्यातून कोरून काढली. कोरलेली आकसत नाही. स्क्रूवर बसणाऱ्या टोप्याही सगळ्यांत कडक घातल्या. याच्या पुढे तिला काही येत नव्हतं.

दुपारी तिच्या आग्रहाखातर ती लावून अण्णा पोटभर जेवले. चावण्याचा आवाज ऐकत ती नुसती बसून राहिली, स्वतः जेवायचं विसरून.

थोड्या वेळाने न्हाणीघरातून कण्हणं ऐकू आलं. तिने दार ढकललं. अण्णा आरशापुढे उभे होते. दोन्ही अंगठे तोंडात, हनुवटीवर रक्ताचा ओघळ. त्यांची लुळी बोटं कवळीच्या कडेवरून पुन्हा पुन्हा घसरत होती.

“अण्णा, हीपण सुटते का हो?”

त्यांनी हात खाली घेतले. दात तोंडातच होते, त्यामुळे या वेळी शब्द अख्खा बाहेर आला.

“सुटत नाही गं,” ते म्हणाले. “पहिलीही सुटत नव्हती. दात काढायला रोज लेकीला हाक मारायची, त्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं.”