तळ्याचे मार्क

बदकं माणसांना घाबरत नव्हती, तिथेच बाईंना शंका आली.

उमेदवार त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा राहून भाषणाच्या आवाजात बोलत होता आणि ती आपली काठावर निवांत पंख साफ करत बसलेली.

“परदेशातून येतात, बाई. हजारो मैल उडत,” तो म्हणाला. “आमच्या पक्षाने तळं जिवंत केलं आणि पाहुणे परत आले.”

बाई म्हणजे प्राणिशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. निवडणुकीआधी कुठल्या पक्षाचं निसर्गाबद्दलचं धोरण किती खरं, याचे मार्क एक संस्था जाहीर करायची. परीक्षक दोघं, बाई आणि एक वकील. निम्मे मार्क जाहीरनाम्याला, निम्मे पक्षाने स्वतः दाखवलेल्या कामाला. कागदावर काय हो, कोणीही जंगल उगवतो! म्हणून बाई काम बघायला जायच्याच.

आणि हे तळं तर त्यांचं लाडकं. वर्गच्या वर्ग घेऊन त्या इथे यायच्या. मग कोणीतरी राडारोडा टाकायला सुरुवात केली आणि बघता बघता तळ्याचा उकिरडा झाला. आता पुन्हा पाणी दिसत होतं. ते खरं असावं असं बाईंना इतकं वाटत होतं, की त्यांना स्वतःचाच भरवसा वाटेना.

चष्मा काढायला त्यांनी पिशवीत हात घातला. प्लास्टिक चुरचुरलं मात्र, सगळी बदकं माना ताणून धावत आली आणि बाईंच्या चपलांपाशी कलकलाट करू लागली.

“अगंबाई! एवढ्या लांबून आलीयत, भूक लागली असेल बिचाऱ्यांना,” बाई म्हणाल्या.

बरोबर आलेले वकील खो खो हसले. “विकत आणलेली आहेत ही. शून्य टाका आणि चला.”

“टाका की,” उमेदवार म्हणाला. ओशाळण्याचं नावच नाही. “समोरच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात या तळ्याच्या जागी वाहनतळ आहे. वाचलंय ना तुम्ही?”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाचलं होतं त्यांनी. आणि त्यांनी वाचलंय हे याला ठाऊक होतं, म्हणून तर गडी एवढा निर्धास्त! त्या तरातरा पलीकडच्या टोकाला निघाल्या.

“तिकडे काही नाही हो! नुसता चिखल आहे!” उमेदवार मागून ओरडला.

झालं. आता तर बाई जाणारच. तिथे गटाराचं पाणी सोडलंय की आणखी काही दडवलंय, हे बघितल्याशिवाय त्या कसल्या परत फिरतायत!

तिथे खरंच चिखल होता. लव्हाळी माजली होती, ती साफ करायच्या भानगडीत कोणी पडलं नव्हतं. बाई वाकल्या, आणि एकदम हात मागे करून त्यांनी वकिलांना थांबवलं. लव्हाळ्यांत पाणकोंबडी होती. पांढऱ्या पोटाची, एकेक पाऊल जपून टाकणारी. मागे काळी कुळकुळीत पिल्लं. म्हणजे घरटं इथेच झालं होतं, हिला कोणी आणून सोडलं नव्हतं. बाईंचे डोळे भरून आले.

“वकीलसाहेब, तळ्याला पास करा,” त्या कुजबुजल्या.

“आणि बदकं?”

“तीही लिहा. विकतची, असं ठळक लिहा.”

तोवर उमेदवार धापा टाकत पोचला. बाईंच्या खांद्यावरून त्याने डोकावून बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला.

“अरे वा! हीसुद्धा आमचीच, बाई. लिहा, लिहा!” मोबाइल काढून तो पुढे सरसावला.

“तिलाच विचारा ना,” बाई म्हणाल्या.

पाणकोंबडीने मान वर केली. त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग पिल्लांना पुढे घातलं आणि लव्हाळी तिच्यामागे मिटून गेली.