आतलं लुगडं

कागद तिसऱ्यांदा वाचला म्हणून त्यातला मजकूर काही बदलला नाही. वृषालीने तो दुमडला, पुन्हा उघडला आणि ओट्यावर बसलेल्या कडूबाईकडे पाहिलं. नवी निळी साडी, केसांना तेल, मांडीवर तयार गोधडी. फोटो काढणार म्हटल्यावर माणूस असंच बसणार.

"मावशी, मागचे फोटो त्यांना पसंत नाहीत," वृषाली म्हणाली.

त्यांना म्हणजे अमेरिकेतल्या बाईंना. त्या इंटरनेटवर गोधड्या विकायच्या आणि प्रत्येक गोधडीशेजारी ती शिवणाऱ्या बाईचा फोटो लावायच्या. त्यांची ई-मेल काल नगरच्या सायबर कॅफेत आली होती, ती छापून वृषाली नेवाशाला घेऊन आली होती. चाळीस गोधड्यांची मागणी होती. पण फोटोतल्या बायका गरीब दिसत नाहीत, आपण कुणाला मदत करतोय हे गिऱ्हाइकांना कळत नाही, तेव्हा जुन्या फाटक्या कपड्यांतले फोटो एका दिवसात पाठवा, नाहीतर मागणी रद्द समजा, असं लिहिलं होतं. शेवटी 'सप्रेम' म्हणायलाही बाई विसरल्या नव्हत्या.

चाळीस गोधड्या म्हणजे अकरा बायकांना दिवाळीपर्यंत सावलीतलं काम. मागणी गेली की त्या परत उसाच्या खुरपणीला. त्यांना सावलीत आणून बसवलं होतं वृषालीनेच. आता उन्हात परत पाठवायचं तर तेही तिनेच.

"ताई, साडेचारची एसटी चुकली तर स्टुडिओ बंद होईल," फोटोग्राफर गोरक्ष कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवत म्हणाला. "रोल धुवायचा, मग स्कॅन करायचं, मग तुमचं ते पाठवायचं. उद्यावर टाकून भागणार नाही."

"मावशी, एखादं जुनं लुगडं नेसाल का? फोटोपुरतं."

"जुनं म्हंजी?"

"फाटकं." वृषालीला स्वतःचीच लाज वाटली. पण शब्द बाहेर पडला होता.

कडूबाईने निऱ्यांवरून हात फिरवला. गोधड्यांच्या कमाईतून घेतलेली तिची ही पहिली साडी. निळी घ्यावी की हिरवी, हे ठरवायला दुकानात वृषालीच बरोबर होती.

"हिच्यात काय वाईट हाय?"

"वाईट काहीच नाही, मावशी. चांगली आहे, तीच तर अडचण आहे."

कडूबाईने निऱ्या पुन्हा सारख्या केल्या. शेजारी सुईत दोरा ओवणारी रंगुबाई मात्र उठून उभी राहिली.

"तिला न्हाई जमायचं. मी नेसते. फोटुत फाटकं दिसलं म्हनून काय अंगाला भोकं पडत्यात व्हय? काम ऱ्हायलं पायजे."

ती तरातरा मागच्या आळीत, आपल्या घरी गेली. गोरक्ष दर मिनिटाला घड्याळ बघत होता. वृषाली कडूबाईकडे सोडून सगळीकडे बघत होती.

रंगुबाई परत आली ती हात हलवत.

"पेटी उपसली, ताई. मालनबाईला इचारलं, रतनबाईला इचारलं. आळीत एक फाटकं लुगडं घावंना. समदी तुमीच नेली की गोधडीत घालाया."

गोरक्ष हसला, पण दुसरं कुणी हसलं नाही म्हणून थांबला. मग त्याने हळूच विचारलं, "अंगावरचीच जरा फाडली तर? पदराशी, थोडीशी. कोपऱ्यात."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. वृषालीने नको म्हणायला हवं होतं. तिने तोंड उघडलं, पण तिला समोर अकरा बायका दिसत होत्या, आणि नको काही तोंडातून निघेना.

कडूबाईने टोपलीतली कात्री उचलली.

"मावशी..."

कडूबाईने साडीला हात लावला नाही. मांडीवरची गोधडी तिने दोन्ही हातांनी चाचपली, दाबत दाबत एका कोपऱ्याशी आली आणि थांबली.

"ह्ये बघा. माझं लुगडं हितं हाय. पाझर तलावाच्या कामावर माती वाहायचे तवा नेसत हुते. पार चिंध्या झाल्यात त्याच्या." तिने कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं. "गोधडीची रीतच हाय, ताई. फाटकं आत, चांगलं वर. त्या बाईला आतलं बघायचं आसंल तर उसवून देते. पर मंग ती गोधडी ऱ्हायची न्हाई."

एक टाका तुटला. अगदी बारीक आवाज झाला.

वृषालीने पुढे होऊन तिच्या हातातली कात्री काढून घेतली.

"गोरक्ष, आहे तसाच काढ."

"आन् मागणी?" रंगुबाईने विचारलं.

"मी लिहिते त्यांना."

"आन् न्हाई म्हनल्या तर?"

वृषालीने कागदाची घडी घातली आणि कात्रीसकट टोपलीत ठेवून दिली. रंगुबाई तोंडातल्या तोंडात पुटपुटत पुन्हा सुई घेऊन बसली. गोरक्षने डोळा कॅमेऱ्याला लावला. कडूबाईने तुटलेल्या टाक्यावर पदर ओढून घेतला आणि मान ताठ केली.

"जरा हसा, मावशी," गोरक्ष सवयीने म्हणाला.

कडूबाईने टोपलीतल्या कागदाकडे बोट केलं. "ते बी लिवलंय का त्याच्यात?"

"नाही," वृषाली म्हणाली.

"मंग हसते."