जागा उरली तर

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी निकेत कोयंडेने मुंबईच्या विमानाच्या शेवटच्या प्रवाशाची बॅग वजनाला घेतली. सकाळपासून सगळ्यांना विचारलेला प्रश्न त्या बाईंनाही विचारला.

"दुसऱ्या कोणी दिलेली वस्तू बरोबर आहे का?"

"नाही."

काउंटर बंद झालं. समोरच्या बाकावर त्याची आई विमला चपला काढून बसली होती. पहाटे तिची धाकटी बहीण सुगंधा मुंबईत वारली. तीनला मयत उचलणार होते. सवाष्ण गेलेली, अंगावर माहेरचं लुगडं पडायला हवं, आणि माहेरात आता विमला एकटीच उरली होती. कुडाळहून गाडी धरली तर पोचायला रात्र झाली असती.

तिकीट होतं. निकेतने रजेचे अकरा दिवस बिनपगारी काम केलं, त्याबद्दल कंपनीने दिलेलं. जागा उरली तर बसायचं. आजचा रजेचा असा बारावा दिवस.

वरिष्ठ सारिका मॅडम कागद घेऊन आल्या. "चार सीट रिकाम्या आहेत, निकेत. पण वजन संपलं. उन्हात विमान जास्त भार उचलत नाही, म्हणून आज आधीच कमी घेतायत, त्यात या आंब्याच्या पेट्या."

"आई बेचाळीस किलोची आहे, मॅडम."

"पेट्यांचं भाडं भरलंय रे."

पेट्या त्यानेच तोलल्या होत्या.

विमलाने त्याचं तोंड पाहिलं. "नाय घेणत?"

"नाय गो आये."

"मगे ह्यो बिल्लो कित्याक गळ्यात घालून मिरवतस?" तिने पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेलं लुगडं काढलं. "माका ऱ्हवांदे. ह्या तरी धाड. नायतर ती तशीच जातली."

तो धावला. त्या बाई तपासणीच्या रांगेत शिरत होत्या. त्याने ओळखपत्र सदऱ्यात सारलं.

"ताई, एवढं न्याल? बाहेर मावसभाऊ उभा असेल."

"आत्ता तुम्हीच विचारलंत ना मला?"

त्याने कागद उलगडला, थोडक्यात सांगितलं. बाईंनी हिरवं लुगडं पाहिलं. पिशवीत ठेवलं आणि आपला नंबर दिला.

विमान पावणेअकराला सुटलं, चार सीट रिकाम्या ठेवून. बाराला मुंबईत उतरलं. साडेबाराला सुगंधाच्या मुलाचा, विश्वेशचा, फोन आला. "खंयची बाई रे? सगळे भायर इले."

बाईंचा फोन बंद होता. एकलाही. दीडलाही.

तीनला मयत उचलायची होती आणि आईला अग्नी विश्वेशलाच द्यायचा होता. दोन वाजता तो लुगड्याची वाट बघत अजून मुंबईच्या विमानतळाच्या दाराशीच उभा होता.